हुआ हिनमधलं निवृत्त आयुष्य: ठाण्यातून निघण्याआधीचे कागद आणि तिथल्या तारखा

प्रश्न ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जोडप्याचा आहे. नवरा ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. पत्नी ५९ वर्षांची. थायलंडमध्ये हुआ हिनला वर्षातले आठ-नऊ महिने राहायचं आणि गणपती-दिवाळीला घरी यायचं, असा बेत आहे. व्हिसा कोणता घ्यावा, दरवर्षीची मुदतवाढ कशी करावी आणि पैसे कसे न्यावेत, एवढं त्यांना हवं आहे.

उत्तराआधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण निम्म्या चुका त्यातूनच होतात. व्हिसा म्हणजे देशात शिरण्याचा परवाना. आत गेल्यावर किती दिवस राहायचं, हे व्हिसावरची तारीख ठरवत नाही. ते ठरवतो विमानतळावर पासपोर्टात मारलेला शिक्का. ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेला तो शिक्का म्हणजे तुमच्या मुक्कामाची मुदत. दरवर्षी वाढवून घ्यायची असते ती ही मुदत, व्हिसा नव्हे. एकाच प्रवेशाचा व्हिसा त्या पहिल्या प्रवेशातच वापरून संपतो. नंतर दहा वर्षं राहिलात तरी त्या एकाच प्रवेशाची मुदत पुढे पुढे सरकत राहते. म्हणून ती मध्येच तुटली, तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी दोन नेहमीच्या वाटा आहेत. पहिली नॉन-इमिग्रंट ओ. यात ९० दिवस मिळतात आणि तिथे गेल्यावर निवृत्तीच्या आधारावर एक वर्षाची मुदतवाढ घ्यायची असते. दुसरी ओ-ए. हा व्हिसा निघण्याआधी आपल्याच देशातून घ्यायचा, आणि प्रवेश करताच थेट एक वर्ष मिळतं. ओ-ए ऐकायला सोपा वाटतो, पण त्याला पोलीस दाखला लागतो, कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग वगैरे नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि मुख्य म्हणजे ३० लाख बाट (बाट हे थाई चलन) किंवा १ लाख डॉलर संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो. विम्याची अट व्हिसापुरती संपत नाही. ओ-एवर शिरलेल्या माणसाला पुढच्या मुदतवाढीलाही विमा दाखवावा लागतो. ६३व्या वर्षी पॉलिसी मिळेल. सत्तरीनंतर मधुमेह, रक्तदाब असताना हप्ता परवडेल किंवा कंपनी नूतनीकरण करेल, याची खात्री नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: तुम्ही दोघांनी ओ घ्यावा. त्याच्या मुदतवाढीला विम्याची अट नाही. याचा अर्थ विमा घेऊ नका असा अजिबात नाही. तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल मोठं येतं आणि आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी तिथे सहसा चालत नाही. पण विमा नाकारला गेला म्हणून राहण्याची परवानगीच गेली, ही वेळ तरी येणार नाही.

अर्ज थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून होतो. नाव आणि आडनाव पासपोर्टवर ज्या रकान्यात आहेत त्याच रकान्यात, त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे मधलं नाव म्हणून, कुठे पहिल्या नावाला चिकटून येतं. तिथल्या बँकेत आणि इमिग्रेशनमध्ये दोन वेगळी नावं दिसली की तो कागद परत येतो.

आता ठाण्यातली कामं. सगळ्यात जास्त वेळ खातो विवाह नोंदणीचा दाखला. वहिनींना तुमच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून मुदतवाढ घ्यायची असेल तर तो लागतोच. तुमच्या पिढीतल्या पुष्कळ लग्नांची नोंदणी झालेलीच नाही, लग्नपत्रिका आणि अल्बम एवढाच पुरावा असतो. महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात नमुना ड भरून, तीन साक्षीदार घेऊन आता नोंदणी करता येते. उशिराचं शुल्क पडतं, एवढंच. खरी अडचण नावाची. लग्नात नाव बदललेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. दाखल्यावर पासपोर्टवरचंच नाव यायला हवं. नावं अगदीच जुळत नसतील तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि ती प्रत जोडा.

दाखला हातात आला की त्यावर साक्षांकनाची साखळी लागते. आधी राज्य सरकार, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग थायलंडचा मुंबईतला महावाणिज्य दूतावास. तिथे गेल्यावर थाई भाषांतर आणि थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का. एजंट ‘अपोस्टिल (साखळीऐवजी एकच शिक्का) करून देतो’ म्हणाला तर थांबवा. युरोपासाठी ते ठीक आहे, थायलंडसाठी ही वरची साखळीच धरा. तीन महिने हाताशी ठेवले तर घाई होत नाही. ओ-एच घ्यायचा ठरला तर पोलीस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर, शुल्क ५०० रुपये, आणि वागळे इस्टेटच्या केंद्राची वेळ. तो फार आधी काढू नका, तीन महिन्यांच्या आतला असावा.

पैशांकडे येतो, कारण मुदतवाढ बहुतेक वेळा इथेच अडकते. नियम असा: अर्जदाराच्या नावावर थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख. आपल्याकडच्या निवृत्तिवेतनातून दरमहा ६५ हजार बाट म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या घरात जातं, शिवाय ते बारा महिने परदेशातून येत असल्याचं दाखवावं लागतं. तेव्हा ठेवीचा मार्गच धरा. बाटचा दर अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरला तर ८ लाख बाट म्हणजे २० ते २४ लाख रुपये.

ही रक्कम अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. अर्जाआधी दोन महिने ती खात्यात पडून असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तशीच राहावी लागते आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. हा नियम २०१९ पासूनचा आहे. तारखा घालूनच पाहू. समजा, १ नोव्हेंबर २०२६ ला तुम्ही शिरलात. शिरण्याचा दिवस पहिला धरतात, म्हणून ९० दिवस २९ जानेवारी २०२७ ला संपतात. अर्ज शेवटच्या ३० दिवसांत घेतात. २० जानेवारीला अर्ज करायचा तर ८ लाख बाट २० नोव्हेंबरला खात्यात दिसले पाहिजेत. म्हणजे पोहोचल्यावर खातं उघडायला आणि पैसे यायला जेमतेम १९ दिवस. या १९ दिवसांत ठाण्याच्या बँकेत एक सही राहिली, परदेशी पैसे पाठवताना भरायचा फॉर्म ए-टू चुकला, मधल्या बँकेने चौकशीसाठी पैसे अडवले, की अख्खं वेळापत्रक कोसळतं. म्हणून निघण्याआधी आपल्या शाखेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याची सोय ऑनलाइन सुरू करून घ्या. मोबाइल क्रमांक रोमिंगवर चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येणार.

पैसे डॉलरमध्ये पाठवा आणि बाटमध्ये रूपांतर तिथल्या बँकेत होऊ द्या. रक्कम परदेशातूनच आली हे पासबुकात उमटावं लागतं. बँगकॉक बँकेच्या पासबुकात अशा जमेपुढे एफटीटी अशी खूण येते. ओळखीच्या माणसाकडून तिथल्या तिथे बाट जमा करून घेतले तर ती खूण येत नाही आणि पहिल्याच मुदतवाढीला प्रश्न निघतात. मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, म्हणून बरोबर ८ लाख होतील इतकेच डॉलर पाठवू नका. ७,९९,४०० जमा झाले तर ते ८ लाख नव्हेत, आणि दोन महिन्यांची मोजणी कमतरता भरून निघाल्यापासून सुरू होते. ८ लाख ३० हजारांचा हिशोब धरा.

भारताच्या बाजूने ही रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, जाते. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती पुरेशी आहे. पण आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) बँक आधीच कापून घेते. २२ लाख पाठवले तर वरच्या १२ लाखांवर २ लाख ४० हजार. हा खर्च नव्हे, विवरणपत्रात तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवून हे टाळावं, असं बरेच जण सुचवतात. नोव्हेंबरात शिरलात तर पहिल्या वर्षी ते जमत नाही: ९० दिवसांच्या मुदतीत सगळी रक्कम दोन महिने मुरलेली हवी, आणि ती मुदत मार्च-एप्रिलच्या आधीच, जानेवारीत संपते. वहिनींच्या पॅनवर त्यांची स्वतंत्र १० लाखांची मर्यादा आहे. त्यांच्या खात्यातून जवळच्या नातेवाइकाच्या निर्वाहासाठी म्हणून काही भाग पाठवता येईल का, हे बँकेला आधी विचारून घ्या. उरलेला टीसीएस कापला जाणार हे धरूनच रोकड ठेवा.

थाई बँकेत दोन खाती काढा. एक फक्त इमिग्रेशनसाठी, तुमच्या एकट्याच्या नावावर, त्याला ना कार्ड ना वीजबिलाची आपोआप कपात. दुसरं रोजच्या खर्चाचं. एकाच खात्यात सगळं ठेवलं की कार्डाच्या वार्षिक शुल्काचे दोन-तीनशे बाट कापले जातात आणि शिल्लक एक दिवस ७,९९,८०० होते. अधिकारी पासबुकाची प्रत्येक ओळ पाहतो. संयुक्त खातं नको, काही कार्यालयं त्यातली निम्मीच रक्कम धरतात.

मग मुदतवाढीचा दिवस. हुआ हिन प्रचुआप खिरी खान प्रांतात येतं, तुमचं काम त्या प्रांताच्या इमिग्रेशनकडे, बँकॉकला नाही. महिनाभर आधी जाऊन त्यांच्या कागदांची यादी घेऊन या, कारण कार्यालयागणिक मागण्या थोड्या बदलतात. सर्वसाधारणपणे लागतात: टीएम ७ अर्ज, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या माहितीच्या पानाची, व्हिसाची आणि शेवटच्या प्रवेश शिक्क्याची प्रत, बँकेचं पत्र, पासबुकाच्या प्रती, घराचा भाडेकरार, घरापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा आणि टीएम ३०ची पावती (ती काय, ते पुढे येतंच). प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईची सही. बँकेचं पत्र त्याच दिवसाचं किंवा आदल्या दिवसाचं असावं. त्या सकाळी खात्यात शंभर बाट जमा करा म्हणजे पासबुकात आजच्या तारखेची ओळ छापून येते. ती नसली म्हणून माणसांना दुपारी परत पाठवतात. शुल्क माणशी १,९०० बाट. नवी मुदत जुन्या मुदतीला जोडून मिळते, तेव्हा वरच्या उदाहरणात ती २९ जानेवारी २०२८. लवकर अर्ज केल्याने दिवस कमी होत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

टीएम ३० म्हणजे परदेशी माणूस आपल्या घरात राहतो अशी घरमालकाने २४ तासांत द्यायची सूचना. जबाबदारी मालकाची, पण अडतात तुमचे कागद. घर ठरवतानाच मालकाला विचारा. कुरकुर करणारा मालक असेल तर दुसरं घर बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

मंजुरीनंतर लगेच कॅलेंडरवर खुणा करा. एप्रिल २०२७ अखेरपर्यंत ८ लाखांना हात लावायचा नाही. मे ते ऑक्टोबर ४ लाखांपर्यंत खाली येता येईल. पुढचा अर्ज १० जानेवारी २०२८ च्या सुमाराला, म्हणजे रक्कम १० नोव्हेंबरला पूर्ण हवी. ऑक्टोबरअखेर भरून मोकळे व्हा. खरं सांगायचं तर ज्यांना शक्य आहे त्यांनी ८ लाख वर्षभर तसेच ठेवावेत. उरलेल्या अर्ध्या रकमेवर मिळणारं व्याज या धावपळीच्या मोलाचं नाही, आणि दरवर्षीची भरपाई भारतातून करायची म्हटली की पुन्हा टीसीएसचा हिशोब आला.

आता गणपती. तुमच्या बेतात सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे. रीएंट्री परमिट (मुदत कायम ठेवून परत येण्याचा परवाना) न घेता थायलंडबाहेर पाऊल टाकलं की मुक्कामाची मुदत त्याच क्षणी संपते. मग ८ लाख बाट, भाडेकरार, सगळं जागच्या जागी असलं तरी परत जाताना तुम्ही नवखे पर्यटक. एका फेरीचं परमिट १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बाट, अर्ज टीएम ८, दोघांची परमिटं वेगवेगळी. गणपती आणि दिवाळी अशा दोनच फेऱ्या धरल्या तर एकेरी स्वस्त पडतं. हिशोबाने अनेक फेऱ्यांचं चौथ्या फेरीपासूनच परवडतं. तरीही मी अनेक फेऱ्यांचंच घ्या म्हणेन. ठाण्यात कुणी आजारी पडलं आणि रात्रीच्या विमानाने निघायची वेळ आली तर खिशात परमिट तयार हवं. विमानतळावरही ते मिळतं, पण तशा वेळी रांगेत उभं राहायचं बळ नसतं. हे परमिट मुक्कामाच्या मुदतीबरोबरच संपतं. जानेवारीत नवी मुदत मिळाली की त्याच दिवशी नवं परमिट घेऊन बाहेर पडा.

परतताना टीडीएसी हे ऑनलाइन आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि मोफत आहे. व्हिसाच्या रकान्यात रीएंट्री परमिटचा क्रमांक लिहा. खिडकीवर पासपोर्टचं परमिटचं पान उघडून द्या आणि शिक्का मारल्यावर तिथेच उभं राहून तारीख वाचा. २९ जानेवारी २०२८ ऐवजी पर्यटकाची तारीख पडली असेल तर ती त्याच खिडकीवर दुरुस्त होते. घरी गेल्यावर लक्षात आलं तर कार्यालयाच्या खेपा ठरलेल्या.

सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्त्याची नोंद द्यावी लागते, अर्ज टीएम ४७. ठरलेल्या तारखेआधी १५ दिवस ते नंतर ७ दिवस एवढी सवलत असते. शुल्क नाही, पण चुकलं तर २,००० बाट दंड. पहिली मुदतवाढ हीच पहिली नोंद धरतात. पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी पासपोर्टात लावून मागा. भारतात येऊन परत गेलात की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. ही नोंद म्हणजे मुदतवाढ नव्हे. ‘आत्ताच तर ९० दिवसांचं केलं’ या समजुतीत वर्षाची तारीख उलटून जाते आणि मग दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २० हजार. मुदत उलटलेली असताना पोलिसांनी पकडलं तर एक दिवसासाठीसुद्धा पाच वर्षांची बंदी बसू शकते.

पासपोर्टची मुदत आत्ताच बघा. मुदतवाढ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपलीकडे देत नाहीत. सात महिने उरले असतील तर सातच महिने मिळतील, पैसे मात्र पूर्ण वर्षाचे. दोन वर्षांहून कमी उरलं असेल तर ठाण्यातच नूतनीकरण करा आणि ६० पानांचा घ्या. तिथे असताना नवा पासपोर्ट निघाला तर जुन्यातले शिक्के नव्यात उतरवून घ्यावे लागतात आणि बँकेतही क्रमांक बदलावा लागतो.

इकडच्या बाजूला आणखी तीन गोष्टी. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. दिवाळीचा मुक्काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबवलात तर तो शाखेत देऊनच निघता येईल. नाहीतर बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा पर्याय आहे. दुसरं, वर्षातले बहुतेक दिवस बाहेर राहायला लागलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही अनिवासी ठरू शकता. तेव्हा बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करावं लागतं आणि उदारीकृत योजना तुमच्यासाठी बंद होते, मात्र निवृत्तिवेतन एनआरओतून बाहेर पाठवता येतं. ज्या वर्षी तुम्ही भारतात कराच्या दृष्टीने रहिवासी आहात त्या वर्षी थाई खातं विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवा. न दाखवल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. तिसरं, थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासूनचं उत्पन्न तिथे आणलं तर ते करपात्र होऊ शकतं. त्याआधीच्या बचतीवर हा नियम नाही, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारा बँकेचा उतारा जपून ठेवा. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे; पहिल्या वर्षी सीएबरोबर तासभर बसा.

‘खात्यात पैसे नकोत, आम्ही दाखवून देतो’ म्हणणारे एजंट तिथे भेटतील. पैसे काही दिवस तुमच्या नावावर फिरवून शिक्का आणतात, कधी तुम्ही पाहिलेलाही नाही अशा प्रांतातून. पुढच्या वर्षी स्वतः अर्ज करायला गेलात की मागच्या वर्षाचं पासबुक मागतात, आणि तिथे ते कोरं असतं. या वाटेला जाऊ नका.

आणि वहिनींबद्दल. पहिल्या मुदतवाढीला त्यांनी तुमच्यावर अवलंबून राहणं सोयीचं आहे: त्यांना वेगळे ८ लाख लागत नाहीत, फक्त दाखला आणि त्यांचे १,९०० बाट. पण त्यांची परवानगी तुमच्या परवानगीला बांधलेली असते. तुम्हाला काही झालं तर तीही टिकत नाही, आणि तुमच्या एकट्याच्या नावावरचं खातं गोठतं. तिथल्या न्यायालयाचा आदेश येईपर्यंत त्यातून बाट निघत नाही. परक्या गावात त्या अवस्थेत त्यांच्याकडे ना पैसे ना मुदत. म्हणून पोहोचल्यावर दोन-तीन महिन्यांत थाई मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र थाई वकिलाकडून करून घ्या, त्यात या खात्याचा क्रमांक घाला. रोजच्या खर्चाचं दुसरं खातं वहिनींच्या नावावर ठेवा आणि त्यात सहा महिन्यांचा खर्च व दोन विमान तिकिटांचे पैसे कायम राहू द्या. आणि पन्नाशीची अट त्यांनीही पार केलेली आहे, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमलं तर त्यांच्या नावावर स्वतंत्र ८ लाख बाट ठेवून त्यांची मुदतवाढ त्यांच्याच नावावर करून घ्या.